शेवट अचानक वाटतो तेव्हा

कथेचा शेवट अचानक वाटतो, तर खुलाशाचा एक परिच्छेद जोडा, असं काहीजण सुचवतात. त्याने आणखी बिघडेल. दोष बहुधा आधीच्या पानांत असतो. समजा, २००० शब्दांच्या कथेत शेवटी आजीच्या ट्रंकेतलं खरेदीखत निघून जमिनीचा वाद मिटतो. मग ती ट्रंक पहिल्या ५०० शब्दांत दिसायला हवी, पण भलत्याच कामासाठी: पोरं तिच्यावर बसून जेवतात, एवढंच. मध्यावर पुन्हा एकदा, कुलूप नजरेस पडेल इतपत. तिसऱ्यांदा दाखवलीत की वाचक ओळखतोच. आणि खत आपसूक सापडू नये. नायिकेने आजीकडे किल्ली मागावी, त्यापायी घरात वाईटपणाही घ्यावा. (योगायोगाने संकट आलेलं चालतं, सुटलेलं नाही.) मग शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. काही अडलं नाही, तर तो काढाच.