दर पावसाळ्यात त्याच भिंतीला बुरशी. पाणी नेमकं कुठून येतंय? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सिंहगड रोडला चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूमची पश्चिमेकडची भिंत दर जुलैत काळी पडते, पाऊसही त्याच बाजूने झोडपतो.

आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसून पाहिलं, तीन आठवड्यांत बुरशी परत. गेल्या वर्षी पोपडे खरवडून, पुट्टी भरून ओल न धरणारा म्हणे असा रंग दिला. ऑगस्टमध्ये त्याला फुगे आले. बोटाने दाबलं की आतून ओला चुरा पडतो.

परवा कपाट पुढे ओढलं. मागच्या प्लायवर राखाडी लव होती, हाताला मऊ लागणारी. खालच्या कप्प्यात सासूबाईंची लग्नातली इरकली मलमलीत गुंडाळून ठेवली होती, तिच्या घडीवर मिरीएवढे ठिपके. "जरा उन्हात टाक गं," म्हणाल्या, पण आठ दिवसांत ऊन कुठे होतं? त्यांना दमा आहे. सध्या त्यांना हॉलमध्ये झोपवतो आणि रात्री खोकला आला की माझा जीव वरखाली होतो.

पेंटर म्हणतो, वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आहे. वरच्या काकांनी बाथरूम दाखवलं, ते या भिंतीपासून बरंच लांब आहे. वॉटरप्रूफिंगवाला गच्चीवर कोबा करा म्हणतो, पण आमच्यावर अजून एक मजला आहे आणि त्यांचं छत कोरडं आहे. आता कारण कळल्याशिवाय एक रुपयाही घालायचा नाही असं ठरवलंय.

म्हणून ॲल्युमिनियम फॉइलचे दोन तुकडे भिंतीला चारही कडांनी बंद करून लावले. (ओल्या भिंतीवर चिकटपट्टी टिकेना, तेवढा पट्टा हेअर ड्रायरने सुकवून घेतला.) दोन दिवसांनी खिडकीखालच्या फॉइलच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला थेंब होते. कपाटामागच्या वरच्या कोपऱ्यात मात्र उलटं, मागे कोरडं आणि खोलीकडच्या बाजूला दमट. म्हणजे खाली पाणी भिंतीतून येतंय आणि वर खोलीतलीच दमट हवा गार भिंतीवर बसतेय, असंच ना? दार-खिडक्या बंद असताना रात्री आर्द्रता 84 टक्के दाखवते. ती 60 च्या खाली हवी, पण पावसात कपडे त्याच खोलीत दोरीवर वाळतात. ते आता बंद.

खिडकीखालचं पाणी कसं शोधायचं? सोसायटी म्हणते, घराच्या आतली ओल तुमची तुम्ही बघा.

प्रतिसाद

ताई, स्लायडिंग खिडकी आहे का? तिच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पाणी जायची बारीक भोकं असतात. ती तुंबली की ट्रॅक भरतो आणि पाणी खालच्या भिंतीत उतरतं. उघडीप मिळाली की तांब्याभर पाणी ओतून बघा. छज्जाही तपासा.

खर्चाचं म्हणाल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे नमुना नियमावलीनुसार) बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चात येते. फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आतली पुट्टी भिंत पूर्ण वाळल्यावरच, दिवाळीनंतर. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

धागाकर्ती

खूप आभार! भोकं मातीने पार बुजली होती. ओतलेलं पाणी दहा मिनिटं तसंच उभं होतं. दाभणाने मोकळी केल्यावर बाहेर वाहायला लागलं. पण वाकून पाहिलं तर छज्ज्याखाली एक तिरकी चीरही दिसतेय. फोटो काढलेत, अर्ज उद्या देते.

इरकलीवरचे असे ठिपके कुणी घरी काढलेत का? काठ रेशमी आहेत, म्हणून अजून पाणी लावलेलं नाही.