मदत हवी आहे: एचएमओने एमआरआय नाकारला, अपील कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत असतो, यांच्या ऑफिसकडून एचएमओ विमा आहे, म्हणजे ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांच्या जाळ्यातच उपचार देणारा आरोग्य विमा. बाळंतपणात याच विम्याने अगदी नीट सांभाळलं, कोपेशिवाय (दर भेटीला आपण भरायची ठरावीक रक्कम) खिशातून फारसं गेलं नाही, हे आधी सांगते.

आता मात्र यांची कंबर दोन महिने धरली आहे. डावा पाय बधिर होतो, मोजे मी घालून देते. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तर कंपनीचं पत्र आलं: 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही'.

अपीलला १८० दिवस आहेत, पण इतकं थांबणं शक्य नाही. तातडीच्या अपीलावर ७२ तासांत निर्णय द्यावा लागतो, त्यासाठी डॉक्टरांकडून नेमकं काय लिहून घेतलंत? तिथेही नकार आला म्हणून कंपनीबाहेरच्या स्वतंत्र फेरतपासणीपर्यंत कोणी गेलंय का? कृपया सांगा, फार काळजी वाटते.