दम्याला आयुर्वेद: पंपासोबत की पंपाऐवजी?

मृण्मयी: दम्याच्या बाबतीत आयुर्वेद म्हणजे आजीबाईचा काढा, एवढ्यावरच लोक थांबतात. हा अन्याय आहे. चरकसंहितेत ‘श्वास’ या रोगाचे ५ प्रकार सांगितलेत. त्यातला तमकश्वास वाचा: घशात घुरघुर, ढगाळ आणि थंड हवेत वाढणारा त्रास, आडवं झालं की घुसमट, उठून बसलं की जरा बरं. हा दमाच आहे. इतकं बारीक निरीक्षण करणाऱ्या शास्त्राचे उपचार गांभीर्याने का घ्यायचे नाहीत?

अनिकेत: वर्णन अचूक आहे म्हणून औषधही अचूक, असं होत नाही. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. पंपातलं, म्हणजे इनहेलरमधलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये, थेट त्या जागी पोचतं आणि सूज उतरवतं. ‘पंपाची सवय लागते’ हे ऐकून लोक तो परस्पर बंद करतात. बरेच दिवस काही होत नाही, मग एका रात्री जोराचा अटॅक येतो. माझा राग त्या सल्ल्यावर आहे.

मृण्मयी: पंप बंद करा असं मी कुठे म्हटलं? चरकसुद्धा तमकश्वासाला ‘याप्य’ म्हणतात, म्हणजे उपचार चालू ठेवून आटोक्यात राहणारा. नवा असेल तरच साध्य, म्हणजे पूर्ण बरा होणारा. मुळासकट बरा करतो म्हणणाऱ्यांनी हे वाचलेलंच नसतं. आणि अडुळसा विसरू नका. त्यातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच ब्रोमहेक्सिन आणि पुढे अँब्रॉक्सॉल हे कफावरचं औषध आलं.

अनिकेत: बरोबर, पण ते कफ पातळ करतं. सूज तशीच राहते. शिवाय तिथे रेणू वेगळा काढला, मात्रा ठरवली, चाचण्या घेतल्या. काढ्यात किती उतरलंय हे कुणाला माहीत असतं?

वैद्य शरयू: मी आयुर्वेदच करते, म्हणून मला जास्त काळजी वाटते. दम्यावरच्या श्वासकुठार रसात पारा, मनःशीळ (आर्सेनिकचं खनिज) आणि बचनाग (विषारी मुळी) असतो. तो दुकानातून आणून मनाने घ्यायची गोष्ट नाही. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो. नाकात तेल सोडताना ते श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे लहान मुलांवर घरी प्रयोग नकोत. वर्षाच्या आतल्या बाळाला मधसुद्धा नको. सितोपलादी चूर्ण कोरड्या खोकल्यात मी आवर्जून देते, पण त्यात निम्म्याहून जास्त खडीसाखर आहे. मधुमेह्याला विचारल्याशिवाय देत नाही.

मृण्मयी: प्राणायामाबद्दल तरी दुमत नसावं?

अनिकेत: एरवी जरूर करा, श्वास संथ होतो, घाबरणं कमी होतं. अटॅक चालू असताना मात्र नाही. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच आराम देणारा पंप द्या आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

मृण्मयी: हे शंभर टक्के मान्य. ‘काढा म्हणजे नुसतं मनाचं समाधान’ असं कुणी म्हटलं, तर ते मात्र मान्य नाही. पिंपळी, अडुळसा, भारंगी यांच्या मात्रा ठरवून चाचण्या घ्या, मग बोलू.

अनिकेत: घ्याव्यातच. तोवर पंपाची जागा त्यांना देऊ नका.