‘द क्लासिक’चा जुन-हा महान वगैरे काही नाही, सॉरी

मोगरा_पुणे:
ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: ‘द क्लासिक’ हा कोरियन लव्हस्टोरीचा पिक्चर. जुन-हा आणि जू-ही प्रेमात, आणि ते-सू हा जुन-हाचा मित्र, जू-हीचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं ते याच्याशी. परवा इथे एका ताईंची त्यावर पोस्ट आली होती, त्यातलं जसंच्या तसं देते: "द क्लासिक पाहून रात्रभर रडले. असं प्रेम आता उरलं नाही. स्वतः आंधळा झाला पण तिला कळू दिलं नाही, तिच्या सुखासाठी गुपचूप बाजूला झाला. ते-सू मात्र मधला काटा." खाली बदामांचा नुसता सडा. तेव्हा गप्प बसले कारण गॅसवर भाजी होती, पण दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून आता सविस्तर.

ते-सू काटा कसा हो? लग्न त्याचं ठरलेलं, घरच्यांनी, १९६८ सालातली बडी घरं. जू-हीला पत्रं लिहून दे म्हणून तो जुन-हाकडे गेला आणि या पठ्ठ्याने खाली नाव मित्राचं आणि आत मन स्वतःचं घालून पाठवून दिली. सुट्टीत हीच मुलगी भेटलीय, नदीपलीकडचं ते भुताचं घर, पावसात खोपीत बसून खाल्लेलं कलिंगड, तो काजवा, एवढं सगळं होऊन बसलंय हे मित्राला सुरुवातीलाच सांगायला काय झालं होतं? आणि ते-सूला कळल्यावर तो काय करतो, तर चिडत नाही, बाजूला होतो. बापाच्या पट्ट्याचा मार खातो. गळफास लावून घेतो, वाचतो. काटा म्हणे!

आता तो कॅफेचा सीन. व्हिएतनामच्या युद्धातून परत आलेला जुन-हा अगदी ताठ चालत येतो, बसतो, इकडे तिकडे बघितल्यासारखं करतो, माझं लग्न झालं म्हणून ठोकून देतो. ती समोर ढसाढसा रडतेय आणि याला पत्ता नाही. मग तिच्या लक्षात येतं. तुम्ही सगळे तिथे रडता, मी तिथे चिडते. कारण निर्णय तिचा होता. आंधळ्या माणसाबरोबर राहायचं की नाही हे जू-हीने ठरवायचं. त्याने परस्पर ठरवलं, वर लग्नाची थाप मारली. याला मी त्याग म्हणणार नाही, याला माज म्हणतात.

के_ड्रामावाली:
मोगरा माफ कर पण तू पिक्चर कोर्टात बसून बघतेस का गं? तो आदल्या दिवशी जाऊन प्रॅक्टिस करून आलेला असतो!! टेबल कुठे, दार कुठे, ती पियानो वाजवणारी बाहुली कुठे, सगळं पाठ. "जवळजवळ जमलं होतं" टाइप काहीतरी म्हणतो ना शेवटी, तिथे दगडाला पाझर फुटेल. माज असलेला माणूस एवढी तयारी करतो होय.

मोगरा_पुणे:
थाप मारायची रंगीत तालीम केली म्हणून थाप खरी होते का

खडूस_पेन्शनर:
आमच्या वेळी माणसं बोलून दाखवत नसत. मनात ठेवत. आजकाल सगळं बोलायचं, मग कौन्सेलिंगला जायचं, मग घटस्फोट. त्या मुलाने योग्य तेच केलं. बाकी या कोरियन मालिकांनी घराघरात मुली बिघडल्या आहेत, आमची नात जेवताना दोन काड्यांनी मॅगी खाते. परवा तिच्या आईने काटा दिला तर रुसली.

के_ड्रामावाली:
काका ही मालिका नाहीये, २००३ चा पिक्चर आहे. क्वाक जे-योंगचा. नात तेव्हा जन्मलीही नसेल

अभ्या_सातारा:
मोगराताईंचं निम्मं पटलं, निम्मं नाही. ते-सूबद्दल शंभर टक्के बरोबर. उलट मी म्हणतो दिग्दर्शकानेच त्याला उडवलाय. बघा, आजच्या काळातल्या गोष्टीतली जी-हे, ती जू-ही आणि ते-सूची मुलगी ना? पण चेहरा कोणाचा, तर आईचाच, दोन्ही रोल एकाच नटीला, सॉन ये-जिनला दिलेत. बापाचं नाक नाही, उंची नाही, एक आठवण नाही. ज्या माणसाने जू-हीशी लग्न केलं, संसार केला, तो आजच्या काळातल्या गोष्टीत आहेच कुठे? पेटीत पत्रं कोणाची निघतात आणि पोरगी रडते कोणासाठी! वर शेवटी तिचा हीरो नेमका जुन-हाचा मुलगा निघतो, गळ्यात तीच माळ, जू-हीने जुन-हाला दिलेली. म्हणजे ते-सूच्या मुलीचं आयुष्यसुद्धा जुन-हाच्या अपुऱ्या गोष्टीची उधारी फेडण्यात.

मोगरा_पुणे:
हे मला सुचलं नव्हतं. चेहऱ्याचं. च्यायला.

तिरकस:
तुम्ही सगळे प्रेमात अडकलात आणि खरी मेख कोणालाच दिसत नाहीये. जुन-हा आंधळा कुठे झाला? व्हिएतनाममध्ये. तिथे तो कोण होता? १९६४ ते ७३ मध्ये दक्षिण कोरियाने अमेरिकेच्या बाजूने तिकडे तीन लाखांवर सैनिक पाठवले, पाचेक हजार मेले, बदल्यात अमेरिकेचा पैसा आला आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारने त्यावर देश उभा केला. पिक्चरमध्ये व्हिएतनामी माणूस म्हणजे झाडीतून येणारी गोळी, बस. आपला हीरो माळ शोधायला परत पळतो, जखमी साथीदाराला पाठीवर घेतो, व्हायोलिन वाजतात. फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे पिक्चरमधल्या त्याच साली, फोंग न्यी गावात कोरियन मरीननी सत्तरच्या आसपास गावकरी मारले, बायकापोरं. त्यातून वाचलेल्या एका बाईला भरपाई द्या असा आदेश २०२३ साली सोलच्या कोर्टाने कोरियन सरकारला दिला, ६८ साली ती सात-आठ वर्षांची होती, पोटात गोळी लागलेली. तुमच्या माळेपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

के_ड्रामावाली:
झालं. लव्हस्टोरीच्या धाग्यावर पण हे आलेच. तिरकस तू लग्नात जेवायला बसल्यावर पण शेतकऱ्याच्या उसाचं वजनमाप काढत असशील

तिरकस:
काढतो. काटा मारतात तर काढणारच.

अभ्या_सातारा:
तिरकस, हे जरा सांभाळून. आमच्या घरातली गोष्ट सांगतो. वडील फौजेत, ८७ ला शांतिसेनेत श्रीलंकेला गेले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं जाताय का. आपले अकराशेच्या वर जवान जिवानिशी गेले तिथे, आणि परत आल्यावर ना इकडे हार ना तिकडे. वडील आजपर्यंत त्या दोन वर्षांवर एक वाक्य बोललेले नाहीत. जेवताना कोणी जाफना म्हटलं की ताट घेऊन उठतात. तुझ्यासारखे लोक मोबाइलवर बसून प्रत्येक सैनिकाला खुनी ठरवतात.

तिरकस:
मी एकाही सैनिकाला खुनी म्हटलेलं नाही, परत वाच. मी पिक्चरला म्हटलं. आणि कोरियातली सैन्यभरती सक्तीची असली तरी व्हिएतनामला जाणारे बरेचसे स्वतः नाव देऊन गेले, जादा भत्ता होता.

अभ्या_सातारा:
"स्वतः नाव देऊन" हे कागदावर असतं रे. घरात खायला नसलं की हात आपोआप वर होतो. आमच्या तालुक्यात भरतीला पहाटे तीनपासून रांग लागते ती काय हौस म्हणून? आणि जुन-हा तर मित्राने फास लावून घेतला म्हणून गेला, भत्त्यासाठी नाही. म्हणजे पिक्चर तरी नीट बघ.

तिरकस:
ओके, जुन-हाचं कारण वेगळं, मान्य. पण मग अजूनच वाईट ना! मैत्रीतल्या अपराधी भावनेवर औषध म्हणून दुसऱ्याच्या देशात जाऊन लढाई? तुझ्या वडिलांवर नाही बोलत, शपथ. त्यांचं गप्प बसणं मला या पिक्चरच्या व्हायोलिनपेक्षा खरं वाटतं.

अभ्या_सातारा:
आता गोड बोलू नको. शेवटचं वाक्य बरं होतं मात्र.

खडूस_पेन्शनर:
७१ च्या युद्धावर पण कोणीतरी लिहा. त्यावर धागा निघत नाही.

नागपूरची_संत्री:
मी मूळ मुद्द्यावर येते कारण कोणालाच यायचं नाहीये. पत्रं. दुसऱ्यासाठी लिहिणं. मी हॉस्टेलला रूममेटसाठी लिहायचे, तिचं अक्षर कोंबडीचे पाय. तीन महिने लिहिली, उत्तरंही मीच वाचायचे आधी. मुलगा तद्दन बोअर होता म्हणून मला काही झालं नाही, पण सांगते, तिसऱ्या पत्रानंतर ते तिचं राहत नाही. आपण रात्री जागून एकेक शब्द फिरवतो, मग सकाळी दुसरीच सही करते, पोटात कालवतं. त्यामुळे मोगरा, जुन-हाने मित्राला फसवलं हे ठरवून केलेलं नसतं गं, ते घसरत जातं.

अभ्या_सातारा:
पत्रावरून आठवलं. आईची शाळा तिसरीपर्यंत. वडिलांची पत्रं आली की ती मास्तरांकडे घेऊन जायची वाचून घ्यायला, आणि मास्तर चारचौघांत ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. त्यामुळे वडिलांच्या अख्ख्या पत्रव्यवहारात प्रेमाचा एक शब्द नाही. म्हशीने किती दूध दिलं, विहिरीला पाणी किती. एका पत्रात फक्त "पाऊस पडला की दार लावून घे" असं दोनदा लिहिलंय. आई ते पत्र वेगळं ठेवते.

के_ड्रामावाली:
अभ्या 😭😭 यावर पिक्चर काढा कोणीतरी

आणि याच्यावरूनच माझं जुनं दुखणं. इंग्लिश सबटायटलमध्ये सगळा सत्यानाश होतो. कोरियनमध्ये आदराचं बोलणं वेगळं, जवळकीचं वेगळं, माणूस एकावरून दुसऱ्यावर कधी आला यात अर्धी लव्हस्टोरी असते. इंग्लिशमध्ये सगळ्यांना यू. मराठीत तू-तुम्ही आहे ना आपल्याकडे! मराठीत कोणी नीट सबटायटल केली तर इंग्लिशपेक्षा दहापट चांगली होतील, पण नाही, आपण आपले यू वाचत बसायचं. जू-हीचं जूही करून टाका पाहिजे तर, चालेल मला.

खडूस_पेन्शनर:
जूही म्हणजे जूही चावला का? ती पण आहे यात?

मोगरा_पुणे:
काका तुम्ही पिक्चर पाहिलाय ना?

खडूस_पेन्शनर:
पाहायची गरज नाही. त्यागाची गोष्ट सगळीकडे सारखीच असते.

मोगरा_पुणे:
नाही काका. सारखी नसते, आणि आता मला लिहायलाच लागणार.

माझ्या आत्याचं १९९१ मध्ये लग्न ठरलं होतं. साखरपुडा झालेला, पत्रिका छापायला दिलेल्या. मुलाकडून अचानक नकार. कारण नाही. मुलगा स्वतः आला, आमच्या ओसरीवर बसला, म्हणाला माझं दुसरीकडे जमलंय. चहासुद्धा घेतला. गावात काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही, मुलीतच काहीतरी असणार हे तर ठरलेलंच असतं. अकरा वर्षांनी कळलं की दुसरीकडे वगैरे काही नव्हतं, त्याच्या दोन्ही किडन्या जात होत्या, "तिचं वाटोळं नको" म्हणून खोटं बोलला. कळलं ते तो गेल्यावर. आत्याने लग्न केलं नाही. तिचं वाटोळं नको म्हणे. अकरा वर्षं ती स्वतःत खोट शोधत होती. आरशासमोर. तुम्ही त्या कॅफेत रडता तेव्हा मला आमची ओसरी दिसते, समजलं? जू-हीला निदान तिथल्या तिथे कळलं की हा आंधळा आहे.

नागपूरची_संत्री:
मोगरा, सॉरी गं.

खडूस_पेन्शनर:
हे माहीत नव्हतं. आमच्या वेळी असं बरंच झालं. सगळं बरोबर झालं असं नाही म्हणणार.

के_ड्रामावाली:
मोगरा तुझा राग समजला. तरी एक बोलू? मारू नकोस. तुझ्या मुद्द्यावर पिक्चर तुझ्याच बाजूने आहे. जुन-हाचं खोटं पकडलं जातं. आणि पुढे जुन-हाचे मित्र त्याच्या अस्थी घेऊन येतात तेव्हा कळतं की कॅफेत भेटला तेव्हा त्याचं लग्न झालेलंच नव्हतं, तिचं झाल्यावर मग त्याने केलं. लहान पोरीला घेऊन नदीकाठी उभी असलेली जू-ही तिथे जी कोसळते ती काय "किती महान होता" म्हणून? मला तर वाटतं ती चिडलेली पण आहे.

मोगरा_पुणे:
हां. ते रडणं वेगळं आहे हे मान्य. पण दिग्दर्शक लगेच कॅमेरा आजच्या काळात नेऊन माळ दाखवतो, कोड्याचं उत्तर सापडल्यासारखं. रागावायला वेळच देत नाही.

तिरकस:
बघा, मी म्हणत होतो, पिक्चर सोयीच्या जागी डोळे मिटतो. फक्त माझी जागा व्हिएतनाम होती.

अभ्या_सातारा:
तुझं बरोबर म्हणायला पण जिवावर येतं रे.

मोगरा_पुणे:
अपडेट. रविवारी आत्याकडे गेले होते. लॅपटॉपवर लावला, तिला आधी काही सांगितलं नाही. कलिंगडाच्या सीनला हसली, ते-सू पहिल्यांदा चक्कर येऊन पडला तेव्हा "अगं बाई" म्हणाली. कॅफे आला तसं मी पॉज करायला हात पुढे केला तर राहू दे म्हणाली. पूर्ण बघितला. मग उठून चहा टाकला. आतूनच विचारलं, "तो आदल्या दिवशी येऊन सराव करून गेला होता ना?" मी हो म्हटलं. बराच वेळ नुसता चहा उकळण्याचा आवाज. मग म्हणाली, "आमच्याकडे ओसरीवर बसला तेव्हा कप धरलेला हात थरथरत होता त्याचा. मला वाटलं थंडी आहे."

मी माझं मत बदललेलं नाही. माज तो माजच. पण इथे परत कोणी ते-सूला काटा म्हणालं तर बघा.