गादीवरचा झेंडा उसवला, पुढे काय?

रिचमंडवासी
गेल्या महिन्यात इथल्या सेंट पॉल्स एपिस्कोपल चर्चमध्ये उपासनेला गेलो. अमेरिकन यादवीत रिचमंड ही गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेची राजधानी. त्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच चर्चचा, सेनापती लीही इथेच यायचा. २ एप्रिल १८६५ च्या रविवारी डेव्हिस उपासनेत असताना लीचा निरोप आला: फळी फुटली, शहर सोडा. पुढे दोघांच्या स्मरणार्थ रंगीत काचेच्या खिडक्या बसल्या, पाट्या लागल्या, गुडघे टेकायच्या गाद्यांवर दक्षिणेचा झेंडासुद्धा भरला गेला.

जून २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. तेव्हा कुठे या मंडळीने आपल्याच भिंतींकडे पाहिलं. झेंडे काढले, नंतर पाट्याही उतरवल्या.

चांगलंच केलं, पण स्वस्तात सुटले असं मला वाटतं. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने नुसती माफी मागितली नव्हती, लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला होता.

जुना वाचक
पणजोबांचं देणं पणतूने किती वर्षं फेडायचं? चर्च प्रार्थनेसाठी असतं, खटला चालवायला नाही. चार्ल्स्टनच्या नातेवाइकांनी दोन दिवसांत भर कोर्टात खुन्याला क्षमा केली. ज्यांची माणसं गेली ते क्षमा करतात, आणि हिशेब तुम्ही मांडणार?

आणि याच सेंट पॉल्समधली गोष्ट विसरलात. १८६५ च्या जूनमध्ये प्रभुभोजनाला एक काळा माणूस सगळ्यांच्या आधी पुढे गेला. गोरे जागच्या जागी थिजले. तेव्हा ली उठला आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकले. पाट्या काढण्यापेक्षा हे सांगा की मुलांना.

रिचमंडवासी
ही गोष्ट छापून आली १९०५ मध्ये, तब्बल चाळीस वर्षांनी. सांगणाऱ्याला समेटाशी देणंघेणं नव्हतं. त्या माणसाचं पुढे येणं हाच त्याच्या लेखी गोऱ्यांचा अपमान होता, आणि लीने जणू तो तिथे नाहीच असं वागून शान राखली, याचं त्याला कौतुक. शेजारधर्माचा मुलामा नंतरचा. त्या काळ्या माणसाचं नाव कुणी टिपलं नाही, तेवढंच बघा.

आणि खिडक्या! लीच्या नावाच्या खिडकीत मोशे फारोचा वाडा सोडून निघालाय. गुलामांना सोडवणारा मोशे, तो कुणाच्या स्मरणार्थ तर लीच्या. डेव्हिसच्या खिडकीत बेड्यांतला प्रेषित पौल अग्रिप्पा राजापुढे, आणि वचन कुठलं निवडलं तर ‘या माणसाने मरणाला किंवा बंधनाला पात्र असं काही केलेलं नाही’. माणसं बेड्यांत ठेवणाऱ्यासाठी!

क्षमेचं म्हणाल तर ती त्या नातेवाइकांनी दिली, त्यांच्या मनाचा मोठेपणा. आपण घेणेकऱ्याच्या वतीने पावती फाडू नये.

नगरी
रिचमंडचं चाललंय ते चालू द्या. आमच्या नगरकडे मिशन आलं ते बोस्टनवाल्या अमेरिकन बोर्डाचं. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना, आपल्या लोकांनीही तो कित्ता गिरवावा म्हणून. गिरवला का?

बहिणीचं स्थळ पाळकांनीच सुचवलं होतं. चहा झाला, तारखेपर्यंत बोलणं आलं. मुलाच्या मावशीने हळूच विचारलं, “तुमचं मूळ कुठलं हो?” वडिलांनी गाव सांगितलं. “गाव नाही हो, त्याच्या आधीचं.” तीन पिढ्या ख्रिस्ती आहोत आम्ही. पुन्हा फोन आला नाही.

जुना वाचक
वाईट झालं. पण नगरी, तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. पाट्या काढून मावशी बदलत नाही.

नगरी
पाटी असती तर निदान बोट दाखवता आलं असतं. आमच्याकडे सगळं कुजबुजीत.

रिचमंडवासी
‘कोणाचं देणं, कोणाला’ याचं उत्तर याच पंथाच्या, इथल्याच व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रियाच्या सेमिनरीने, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाने, शोधलंय. २०१९ मध्ये १७ लाख डॉलरचा निधी काढला. गुलामीत आणि नंतरच्या वर्णभेदाच्या काळात तिथे राबलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज जुन्या कागदांवरून शोधले आणि २०२१ पासून त्यांना पैसे द्यायला सुरुवात केली.

जुना वाचक
नावानिशी वंशज शोधून दिले असतील तर ते पटतं. सरसकट गोऱ्यांना दोषी धरणं नाही पटत. आणि खिडकी फोडू नका, एवढं माझं कायम.

रिचमंडवासी
फोडली कुणी? मोशे आहे तिथेच आहे. मी त्या दिवशी त्याच्याच खाली बसलो होतो.