विजयदुर्गाचे आरमारी ठाणे नेमके कधी संपले?

वाटसरू_कोकण:
२०२५ साली जागतिक वारसा यादीत विजयदुर्गाचे नाव आल्यापासून या किल्ल्याविषयी बरेच लेख वाचनात आले. त्यांतील बहुतेकांची कथा फेब्रुवारी १७५६ मध्ये, किल्ल्यावर सत्ता असलेले मराठा सरदार तुळाजी आंगरे यांचे आरमार जळाले तिथे थांबते आणि पुढचे वाक्य एकदम १८१८ चे असते. मधली ६२ वर्षे हे ठाणे ओस पडले होते काय? शिवाय इतक्या खटपटीने किल्ला जिंकून इंग्रजांनी तो आपल्या आरमारासाठी का ठेवला नाही? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी_दप्तरे:
ओस मुळीच नव्हते. १७५६ मध्ये संपली ती विजयदुर्गावरील आंगऱ्यांची सत्ता. पेशव्यांची फौज जमिनीवरून आणि ॲडमिरल वॉटसनचे आरमार समुद्रातून आले, तेव्हा तुळाजी बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते आणि तिथेच अडकले. इंग्रजांचा एक गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंगऱ्यांनीच पूर्वी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडून पकडून आणले होते. त्याची आग आजूबाजूच्या गुराबा-गलबतांना (लढाऊ जहाजांना) लागली आणि काही तासांत सगळा ताफा गेला. किल्ला पेशव्यांच्या हाती पडू नये म्हणून कंपनीचा सेनाधिकारी रॉबर्ट क्लाइव्ह आपली माणसे घेऊन आधीच किनाऱ्यावर उतरला होता. पेशव्यांनी मराठ्यांचेच आरमार बुडवले, हे वाक्य आता फार गुळगुळीत झाले आहे. ते खोटे नाही, पण त्याच्यामुळे पुढचे कोणी वाचत नाही.

पुढचे असे की, ऑक्टोबर १७५६ च्या तहाने किल्ला पेशव्यांकडे आला आणि त्यांनी आपल्या आरमाराचा सुभा (मुख्य ठाणे) तिथेच ठेवला. आनंदराव धुळप हे त्या सुभ्याचे ठळक नाव. एप्रिल १७८३ मध्ये त्यांच्या ताफ्याने ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज, त्यावर मॅक्लिऑड आणि हंबरस्टन यांच्यासारखे वरिष्ठ लष्करी अधिकारी असताना, लढून पकडले आणि विजयदुर्गास आणले. इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह आधीच झालेला असल्यामुळे जहाज व वाचलेली माणसे पुढे सोडावी लागली, ही गोष्ट वेगळी. हंबरस्टन मात्र जखमांनी तिथेच वारला. ओस पडलेल्या ठाण्यातून अशी लढाई निघत नाही.

सारंग:
इंग्रजांबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर किल्ल्यात नाही, मुंबईत आहे. जहाजबांधणी करणारे लवजी वाडिया १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले आणि १७५० मध्ये तिथे कोरडी गोदी (पाणी काढून जहाजाच्या तळाचे काम करण्याची जागा) उभी राहिली. घरात गोदी असताना इतक्या दक्षिणेला दुसरे ठाणे, तेही पेशव्यांच्या मुलुखात, पोसायचे कशाला? त्यापेक्षा सावित्रीच्या मुखावरचे, मुंबईला जवळ असलेले बाणकोट त्यांना अधिक सोयीचे वाटले आणि विजयदुर्गाच्या बदल्यात ते त्यांनी तहात पदरात पाडून घेतले.

मूळ प्रश्नाबाबत माझे मत जुनी_दप्तरे यांच्याहून थोडे निराळे आहे. ठाण्याचा जीव तटबंदीत नसून वाघोटण खाडीत, गिर्ये गावाजवळच्या गोदीत होता. सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद अशी ही गोदी बरीचशी खडक खोदून केलेली आहे. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत आत घ्यायचे आणि ओहोटीला पाणी उतरले की तळाच्या कामाला हात घालायचा. इथे चारशे-पाचशे टनांपर्यंतची जहाजे बांधली जात, असे सांगतात. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेल्यावर या गोदीला काम देणारे आरमारच उरले नाही. म्हणून मी ठाण्याचा शेवट १८१८ च धरतो, १७५६ नव्हे.

वाटसरू_कोकण:
दोघांचेही आभार. किल्ला दोनदा पाहिला, पण गोदीचे नावही कोणी काढले नव्हते. ती पाहायला कोणती वेळ बरी?

सारंग:
ओहोटीची. भरतीत गेलात तर नुसती खाडीच दिसेल.