शोधनिबंधासोबत कच्चा डेटाही द्यायलाच हवा का?

नदीकाठचा
कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरावरचे शोधनिबंध वाचतोय. शेवटी ठरलेली ओळ : ‘डेटा मागणीनुसार उपलब्ध.’ मागून बघा एकदा! २०२२ च्या एका अभ्यासात, ‘मागितला तर देऊ’ म्हणणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांकडे खरंच डेटा मागितला, दिला ६.८ टक्क्यांनी. निबंध छापला त्याच दिवशी आकडे झेनोडो या संशोधन-डेटा ठेवायच्या संकेतस्थळावर चढवावेत. पैसे पडत नाहीत, डीओआय म्हणजे संदर्भ द्यायला कायमचा क्रमांकही मिळतो.

पीएचडी_रखडलेला
बोलायला काय जातंय भावा! शिरोळात घरोघरी फिरून फॉर्म भरले मी. त्यावर अजून निबंध निघायचेत. आत्ताच खुला केला तर मोठ्या विद्यापीठातली टीम आधी छापून मोकळी.

नदीकाठचा
सगळं कोण मागतंय? छापलेल्या तक्त्यांमागचे आकडे दे, बाकीच्यावर एम्बार्गो ठेव, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत तो बंद राहील. सीसी-बाय परवाना लावलास की वापरणाऱ्याला तुझं नाव द्यावंच लागतं.

सर्व्हेवाली
मला श्रेयाची नाही, गावाची काळजी आहे. प्रयाग चिखलीत कुटुंबातली माणसं, म्हशी, सोसायटीचं कर्ज एवढं एका ओळीत आलं, की नाव खोडलं तरी पारावरचा कुणीही घर ओळखेल. त्यांनी आम्हाला सांगितलं, जगाला नाही.

आकडेमोड
मग गावाऐवजी तालुका लिहा, कर्ज गटांत टाका. पण ही ढाल सगळीकडे चालणार नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी कुणाची खासगी? इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर, हे इथं शाळकरी पोरंही सांगतात. डेटा दिसला की चुकाही दिसतात. सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा राइनहार्ट-रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा निबंध घ्या. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्यानं मूळ एक्सेल फाइल उघडली, तर सरासरीतून पाच देश सुटलेले.

पीएचडी_रखडलेला
ती फाइल लेखकांनी मागितल्यावरच दिली होती की! म्हणजे मागितल्यावर देणं पुरतं, आधीच खुला करायला नको, हा माझाच मुद्दा.

आकडेमोड
दिली, पण तोवर काटकसरीच्या धोरणांसाठी तो निबंध दाखला म्हणून फिरून झाला होता.

सर्व्हेवाली
गटांत टाकलं तरी तालुक्यात म्हशी-कर्जाचा असा मेळ एकाच घरात असेल तर? ते कोण तपासणार? डेटाचं परिशिष्ट जोडायला सांगणारे नियतकालिकांचे संपादक तर नाहीत.

पीएचडी_रखडलेला
बरं, तक्त्यांपुरतं देतो. पण माझे रकाने ‘प्र७अ’, ‘प्र७ब’ असे आहेत. दुसऱ्याला कळतील असे लिहून काढायला महिना जाईल. तो महिना प्रगती अहवालात कुठल्या रकान्यात भरू?